हसू परत आणायचंय? मग आधी जोर लावणं थांबवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३४. साडेसहा महिन्यांपूर्वी सकाळी उठल्यावर चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडलेली दिसली. बेल्स पाल्सीचं निदान झालं, स्टिरॉइडच्या गोळ्या पाचव्या दिवशी सुरू झाल्या. जवळजवळ साडेतीन महिने काहीच हललं नाही, मग हळूहळू हालचाल आली. आता शांत बसल्यावर चेहरा बरा दिसतो, पण हसलं की डावा डोळा बारीक होतो, गाल घट्ट होतो आणि ओठाचा कोपरा वर जायच्या ऐवजी बाजूला ओढला जातो. फोटो टाळते, चार माणसांत हसणं जवळजवळ बंद केलंय. रोज फुगे फुगवते, च्युइंगम चघळते, आरशासमोर जोर लावून हसते. हे बरोबर आहे का? हसण्याचा नुसता अभिनय केला तरी मन सुधारतं म्हणतात, ते खरं का? मुळात हसण्याला एवढं महत्त्व का द्यायचं? आणि यावर विज्ञानात काही नवीन आलंय, की आहे ते स्वीकारायचं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली बावीस वर्षं मुख्यतः चेहऱ्याच्या लकव्यावर काम करते. सगळ्यात आधी एवढं करा: फुगे, च्युइंगम आणि जोर लावून हसणं आजपासून बंद. यात तुमचं काही चुकलं असं मनात आणू नका. चेहऱ्यावरून वारं गेलं म्हटलं की दहापैकी नऊ जण हाच सल्ला देतात. हात किंवा पाय दुबळा झाला तर व्यायामाने ताकद येते, तेच गणित चेहऱ्याला लावलं जातं. पण तुमच्या गालात आज ताकदीची कमतरता नाही. तिथे रस्सीखेच चालू आहे, आणि फुगा फुगवताना तुम्ही दोन्ही बाजूंच्या गड्यांना एकदमच खुराक देताय.

ही रस्सीखेच कुठून आली ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. चेहरा हलवणारी नस मेंदूतून निघते आणि कानामागच्या हाडातल्या एका चिंचोळ्या बोगद्यातून बाहेर पडते. हा बोगदा सर्वांत अरुंद जागी एक मिलिमीटरपेक्षाही कमी रुंद असतो. बेल्स पाल्सीत नस सुजते, आणि हाडाच्या बोगद्यात सुजायला जागाच नसते. नस दबते. दाब थोडा असेल तर तंतू नुसते झोपी जातात आणि काही आठवड्यांत जागे होतात. दाब जास्त असेल तर तंतू मरतात, आणि मग त्यांना मुळापासून पुन्हा वाढावं लागतं. ही वाढ दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने होते.

नस म्हणजे एक वायर नव्हे, हजारो बारीक तंतूंची जुडी आहे. पूर्वी जो तंतू ओठाच्या कोपऱ्याकडे जात होता, तो नव्याने वाढताना डोळ्याच्या फांदीत शिरू शकतो. डोळ्याचा तंतू गालात, गालाचा हनुवटीत, हनुवटीचा मानेत. बोगद्यातून बाहेर पडताना गल्ली चुकते, आणि चुकलेली गल्ली तो तंतू सोडत नाही. म्हणून तुम्ही ‘हस’ असा हुकूम सोडता तेव्हा तो ओठालाही पोचतो आणि डोळ्यालाही. याला सिन्कायनेसिस म्हणतात. तुमचा हसण्याचा स्नायू कोपरा वर ओढतोच आहे, पण त्याच क्षणी कोपरा खाली खेचणारा स्नायू, गालाला आतून आवळणारा स्नायू आणि मानेवरची पातळ पट्टी हे सगळे जागे होतात. वर ओढणारा एक आणि अडवणारे तीन. जोर वाढवला की चौघांचाही वाढतो. आरशात हसू अडकल्यासारखं दिसतं ते यामुळे.

तुमच्याकडे हे होणार याचा अंदाज पहिल्या साडेतीन महिन्यांवरूनच बांधता आला असता. डेन्मार्कमधल्या पीटरसन या डॉक्टरांनी चेहऱ्याच्या लकव्याच्या अडीच हजारांवर रुग्णांची पंचवीस वर्षं नोंद ठेवली आणि २००२ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यातल्या बेल्स पाल्सीच्या रुग्णांना कोणतंही औषध दिलेलं नव्हतं. तरीही ७१ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले. ८५ टक्क्यांना पहिल्या तीन आठवड्यांतच थोडीतरी हालचाल परतली. उरलेल्यांना तीन ते पाच महिने वाट पाहावी लागली, आणि या उशिरा जागे झालेल्या चेहऱ्यांतच गल्ली चुकण्याचे प्रकार जास्त असतात. तुम्ही त्या दुसऱ्या गटात आहात. नस मेली नाही, ती परत आली आहे, हे आधी मनात पक्कं करा. ती थोडी गोंधळून आली आहे. यापुढचं काम गोंधळ कमी करण्याचं.

आता गोळ्यांबद्दल, कारण पाचव्या दिवसाची बोच तुमच्या प्रश्नात जाणवते. मी शिकत होते तेव्हा बेल्स पाल्सीत स्टिरॉइड द्यावं की नाही यावर ज्येष्ठ डॉक्टरांचंही एकमत नव्हतं. २००७ मध्ये स्कॉटलंडमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. ५५१ रुग्ण, सगळ्यांना ७२ तासांच्या आत उपचार. नऊ महिन्यांनी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी ९४.४ टक्के पूर्ण बरे होते, न घेतलेल्यांपैकी ८१.६ टक्के. स्वस्तातली, जुनी, कुठेही मिळणारी गोळी, आणि शंभरातल्या बारा-तेरा जणांचा चेहरा वाचवते. तो निकाल वाचला तेव्हा मी जागेवरून उठून शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला सांगायला गेले होते, अजून आठवतं. अशा एका आकड्याने जगभरातली पद्धत बदलते. हे वाचणाऱ्या इतरांसाठी म्हणून सांगते: चेहरा वाकडा झाल्याचं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठा, ७२ तासांचा हिशेब आहे. कपाळाला आठ्या पडतायत पण तोंड वाकडं आहे, किंवा हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तिथे तासांचीही मुभा नाही, सरळ इमर्जन्सीत जा. आणि चार महिने उलटूनही तसूभर हालचाल नसेल तर ‘बेल्स पाल्सीच असेल’ म्हणून बसू नका, स्कॅन करून नसेवर गाठ वगैरे नाही ना, ते बघून घ्या.

तुमच्या बाबतीत दोन दिवसांनी नक्की किती फरक पडला हे कुणीही सांगू शकणार नाही. ७२ तासांत गोळी घेऊनही काहींचा चेहरा तुमच्यासारखाच उशिरा जागा होतो. तो विषय इथेच सोडा.

हसण्याला एवढं महत्त्व का द्यायचं, असं तुम्ही विचारलंय. मला वाटतं हा प्रश्न तुमचा नाही, तुम्हाला कुणीतरी ऐकवलेला आहे. ‘जीवावरचं नाही ना, मग झालं तर.’ माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. मी ते कधी म्हणत नाही, आणि त्यामागे भावनिक कारणं कमी, साधा अनुभव आणि अभ्यास जास्त आहे.

बाळ सहा ते आठ आठवड्यांचं झालं की समोरच्याकडे बघून हसायला लागतं. बोलणं, बसणं, पकडणं यातलं काहीही यायच्या आधी. ते बघून शिकतं म्हणावं, तर जन्मापासून दृष्टी नसलेली माणसंही तसंच हसतात. २००४ च्या अथेन्स पॅरालिम्पिकमधल्या ज्युदो खेळाडूंच्या फोटोंचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मांध खेळाडूंनी जिंकल्यावर आणि हरल्यावर चेहऱ्याचे जे स्नायू वापरले, तेच दृष्टी असलेल्यांनीही वापरले होते. रौप्यपदकावर समाधान मानावं लागलेला जन्मांध खेळाडूसुद्धा पदक घेताना तेच शिष्टाचाराचं हसू हसला, जे त्याने आयुष्यात कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नव्हतं. दुसरीकडे स्वीडनमध्ये डिमबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये लोकांना हसरा चेहरा पडद्यावर फक्त ३० मिलिसेकंद दाखवला आणि लगेच त्यावर कोरा चेहरा आणला. हसरा चेहरा दिसल्याचं कुणालाच कळलं नाही, तरी बघणाऱ्यांच्या गालातल्या हसण्याच्या स्नायूत विजेचा बारीक प्रतिसाद नोंदला गेला.

म्हणजे तुम्ही हसता तेव्हा समोरच्याचा गाल त्याच्या नकळत उत्तर देत असतो. हा व्यवहार दिवसातून शेकडो वेळा, बोलण्याच्या खालच्या पातळीवर चालतो. एका बाजूने लुळा चेहरा हसतो तेव्हा हा व्यवहार बिघडतो. अर्ध्या चेहऱ्याच्या लकव्याचे हसतानाचे फोटो अनोळखी लोकांना दाखवले तर त्यांना ते हसू बरेचदा हसू वाटतच नाही, नाराजी किंवा तुच्छता वाटते, असं अभ्यासांत दिसलंय. समोरचा थोडा मागे सरतो, तुम्हाला ते जाणवतं, तुम्ही हसणं आवरता, आणि मग तो आणखी मागे सरतो. तुम्ही जे टाळताय त्यामागे हे खरंखुरं कारण आहे. म्हणूनच त्यावर उपचार करायचे, मनाची समजूत घालून ते भागत नाही.

मला या कामात ज्या गोष्टीने सर्वांत जास्त खिळवून ठेवलं, ती मी पहिल्यांदा एका पक्षाघाताच्या रुग्णात पाहिली. मेंदूच्या झटक्याने तोंड उजवीकडे वाकडं झालेलं. ‘दात दाखवा’ म्हटलं की डावी बाजू ढिम्म. मी वहीत तसं लिहीत होते, तेवढ्यात त्यांचा भाऊ काहीतरी बोलला आणि ते खळखळून हसले. दोन्ही बाजूंनी. डावा कोपरा सरळ वर गेला, डोळ्याखाली सुरकुती पडली. हसणं ओसरलं आणि मी पुन्हा म्हटलं, ‘तसंच करा बघू.’ पुन्हा ढिम्म.

चेहऱ्याच्या नसेपर्यंत मेंदूतून दोन वाटा येतात. एक हुकुमाची, मेंदूच्या बाहेरच्या थरातून. दुसरी भावनेची, मेंदूच्या आतल्या, खोलवरच्या भागातून. त्या रुग्णाची पहिली वाट तुटली होती, दुसरी शाबूत होती. उलटे रुग्णही असतात, सांगितलं की हसतात पण विनोदाला अर्धा चेहरा गप्प राहतो. फ्रेंच डॉक्टर ड्यूशेन यांना या दोन वाटांचा नकाशा ठाऊक नव्हता, पण १८६२ मध्ये त्यांनी नेमकी दुखरी नस पकडली. चेहऱ्याची संवेदना जवळजवळ गेलेल्या एका वृद्धाच्या गालाला विजेचा हलका प्रवाह लावून त्यांनी ओठाचे कोपरे वर उचलले आणि फोटो काढला. कोपरे बरोबर उचलले गेले, पण ते हसू खरं वाटेना. डोळ्याभोवतीचा स्नायू सामील नव्हता. डार्विन यांनी १८७२ मध्ये भावनांच्या अभिव्यक्तीवर लिहिताना हे फोटो वापरले. पुढे कळलं की पुष्कळ लोकांना डोळ्याभोवतीचा स्नायूही ठरवून आवळता येतो, त्यामुळे ती काही खोटं पकडायची अचूक कसोटी नाही. पण गाल आणि डोळा मिळून हसू होतं ही गोष्ट दीडशे वर्षं टिकली.

आणि तुमच्यासाठी ती कामाची आहे. हसताना डोळा थोडा बारीक होणं हा दोष नाही. चांगल्या बाजूला बघा, उजवा डोळाही होतो. आपल्याला डावा डोळा उघडा ठेवून हसायचं नाही, उजव्याइतकाच बारीक होऊ द्यायचा आहे. अनेक जण इथे फसतात, डोळा ताणून हसतात आणि घाबरल्यासारखे दिसतात.

हसण्याच्या अभिनयाने मन सुधारतं का? १९८८ मध्ये एक प्रयोग फार गाजला, दातांत पेन धरून ओठ हसल्यासारखे केले की व्यंगचित्रं जास्त मजेशीर वाटतात असा. २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी तो पुन्हा केला, आणि परिणाम दिसलाच नाही. मग २०२२ मध्ये आधीचे समर्थक आणि शंका घेणारे एकत्र आले आणि १९ देशांतल्या ३,८७८ लोकांवर मिळून प्रयोग केला. हसऱ्या चेहऱ्याची नक्कल केली किंवा सांगितल्याप्रमाणे कोपरे उचलले तर आनंदाची भावना थोडी वाढली. पेनच्या पद्धतीत मात्र ठोस काही हाती लागलं नाही. परिणाम आहे, पण लहान आहे. नैराश्यावर उपाय म्हणून त्याच्याकडे बघू नका. तुमचं मन खरोखर खालावलं असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. मला या कहाणीत जास्त आवडतं ते हे की परस्परांच्या विरोधातले लोक एका टेबलावर बसले, प्रयोग कसा करायचा हे आधी मिळून ठरवलं, आणि निघालं ते मान्य केलं.

आता घरचं काम. सकाळी, चेहरा सैल असताना, पाठ टेकून आरशासमोर बसा. पहिली पाच मिनिटं नुसता मसाज. तळवे एकमेकांवर चोळून गरम करा आणि डाव्या गालावर ठेवा. मग स्वच्छ हाताचा अंगठा गालाच्या आत आणि दोन बोटं बाहेर अशी चिमूट धरून घट्ट झालेली जागा शोधा. बहुतेकांना ती ओठाच्या कोपऱ्यापासून दोन बोटं मागे, दोरीसारखी लागते. तिथे दाब देऊन थांबा, हळू ताणा, श्वास सोडा. दुखेल, पण हवंहवंसं दुखेल. मानेवरची पट्टी खाली हनुवटीपासून गळपट्टीच्या हाडापर्यंत ओढून सैल करा.

मग हसा, पण किती? पूर्ण हसू दहा धरलं, तर दोन. ओठ मिटलेले, कोपरा जेमतेम हलेल इतकं, आणि सावकाश, मनात चार मोजत. नजर डाव्या डोळ्याच्या खालच्या पापणीवर ठेवा. पापणी उजव्यापेक्षा जास्त उचलली जायला लागली की तिथेच थांबा, सोडा, पुन्हा शून्यावर या. त्या थांबण्याच्या बिंदूच्या अलीकडे तुमची मोकळी जागा आहे, आणि रोजचं काम त्या जागेतच करायचं. आठ-दहा वेळा पुरे, दिवसातून तीनदा. चांगल्या बाजूलाही आवरा, उजवा गाल जोरात गेला की डावा त्याला गाठायला धावतो आणि सगळी टोळी जागी होते. दोनवर आठवडाभर नीट जमलं की तीनवर जा. कित्येकांना दोनवरून चारवर यायला दोन महिने लागतात. कंटाळवाणं आहे, मान्य. पण मेंदूला एकेक स्नायू वेगळा ओळखायला शिकवायचं तर हुकूम बारीकच सोडावा लागतो.

उलट दिशेचाही एक व्यायाम घ्या: ओठांचा चंबू करताना डोळा मिटत असेल, तर डोळे सहज उघडे ठेवून अगदी हलका चंबू. करंट देण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. बेल्स पाल्सीत विजेच्या उत्तेजनाने फायदा होतो याचा ठोस पुरावा नाही, आणि सिन्कायनेसिस असलेल्या चेहऱ्याला सगळे स्नायू एकदम आवळायला लावणं माझ्या मते चुकीचं आहे. मी देत नाही.

तीन महिने हे करूनही डोळा फार मिटत असेल तर बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे लोक ज्याला बोटॉक्स म्हणतात ते. सुरकुत्यांसाठी म्हणून ते सगळ्यांना माहीत आहे, पण अमेरिकेत त्याला पहिली मान्यता १९८९ मध्ये तिरळेपणा आणि डोळे आपोआप घट्ट मिटण्याच्या विकारासाठी मिळाली. तुमच्या बाबतीत रस्सीखेचीतल्या चुकीच्या बाजूच्या गड्यांना, म्हणजे डोळ्याभोवती, हनुवटीत, मानेच्या पट्टीत, अगदी थोडा डोस देऊन झोपवायचं. तो तीन-चार महिने टिकतो. हे तीन-चार महिने सोन्यासारखे असतात. विरोध गेल्यावर वर ओढणारा स्नायू एकटा काम करतो आणि मेंदू ते शिकून घेतो. नुसतं इंजेक्शन घेऊन व्यायाम सोडला तर औषध उतरल्यावर जवळजवळ होतं तिथेच येता. चेहऱ्याच्या लकव्यात हात बसलेल्या डॉक्टरकडूनच घ्या. हसण्याच्याच स्नायूत औषध उतरलं तर काही महिने आहे ते हसूही जातं.

याच्याही पुढे शस्त्रक्रिया आहे. जुन्या, घट्ट झालेल्या सिन्कायनेसिसमध्ये आता सर्जन नसेच्या बारीक फांद्या एकेक करून तपासतात आणि कोपरा खाली-बाजूला खेचणाऱ्या तेवढ्याच निवडून कापतात. लुळा चेहरा हलवण्यासाठी नस कापायची, हे ऐकून सुरुवातीला मलाही पचलं नव्हतं. तुम्हाला इतक्यात त्याचा विचार करायची गरज नाही. बारा-अठरा महिने चेहरा बदलत राहतो.

पण तुम्ही विचारलंय, नवीन काही आहे का. त्याचं उत्तर द्यायला मला सर्वांत जास्त आवडेल, म्हणून थोडं लांबवते. ज्यांची नस पूर्णच तुटली आहे, गाठीच्या ऑपरेशनमध्ये कापावी लागली किंवा जन्मतःच नव्हती, त्यांचं काय? नसेशिवाय चेहऱ्याचे स्नायू साधारण दीड-दोन वर्षांत कामातून जातात. १९७६ मध्ये जपानच्या हारी आणि सहकाऱ्यांनी मांडीच्या आतल्या बाजूचा ग्रॅसिलिस नावाचा स्नायू रक्तवाहिन्या आणि नसेसकट काढून गालात बसवला. मांडीला त्याची फारशी उणीव भासत नाही. प्रश्न उरला तो वीज कुठून आणायची याचा. एक मार्ग म्हणजे पोटरीतून एक नस काढून ती चांगल्या बाजूच्या नसेपासून ओठावरून पलीकडे नेऊन ठेवायची. तंतू त्यातून वाढत पलीकडे जायला नऊ महिने ते वर्ष लागतं, मग स्नायू बसवायचा. दुसरा मार्ग म्हणजे चावण्याच्या स्नायूची नस जोडायची. ताकद जास्त मिळते आणि एकाच ऑपरेशनमध्ये काम होतं. पण मग हसायचं तर दाढा आवळाव्या लागतात. आणि चावून येणारं हसू विनोदावर कसं उमटणार?

माझ्याकडे लहान मुलांना शिकवणाऱ्या एक बाई येत होत्या. कानाजवळच्या गाठीच्या ऑपरेशनमध्ये नस गेली होती. मुलं विचारायची, बाई, तुम्ही आज रागावलात का? त्यांचं हे दुसऱ्या प्रकारचं ऑपरेशन झालं. चौथ्या महिन्यात दाढा आवळल्यावर कोपऱ्यात पहिला झटका दिसला, मी कागदी पट्टी लावून मोजला, तीन मिलिमीटर. पुढचे सात महिने आम्ही रोज चावण्याचा जोर कमी करत गेलो. घट्ट चावून, हलकं चावून, दात टेकवून, मग नुसतं मनात चावून. अकराव्या महिन्यात मी त्यांच्या जबड्यावर बोटं ठेवून बसले होते, चावण्याचा स्नायू किती आवळतोय ते तपासायला. त्या वर्गातलं काहीतरी सांगत होत्या, एका मुलाने दोन्ही बूट उलटसुलट घातले आणि ठामपणे सांगितलं की त्याचे पायच तसे आहेत. सांगता सांगता त्यांच्या गालात ग्रॅसिलिस उचलला गेला, कोपरा वर गेला. माझ्या बोटांखालचा जबडा मात्र पूर्ण सैल होता. त्यांना काही कळलंही नव्हतं. मी ‘थांबा’ म्हटलं आणि माझा आवाज फुटेना.

हा एकटा-दुकटा चमत्कार नव्हे. कॅनडातल्या सर्जननी २००६ मध्ये अशा २७ प्रौढ रुग्णांचा अनुभव मांडला. ८५ टक्के न चावता हसायला शिकले, आणि ५९ टक्क्यांना न ठरवता, आपसूक हसू नेहमी येत होतं. चावायला असलेली नस हसायला लागते. प्रौढ मेंदू नव्या जोडणीतून जुनी भावना बाहेर काढतो. आज अनेक ठिकाणी दोन्ही नसा एकाच स्नायूला जोडतात, चावण्याची नस ताकदीसाठी आणि पलीकडची उत्स्फूर्ततेसाठी. चांगल्या बाजूच्या स्नायूची वीज टिपून लुळ्या बाजूला त्याच क्षणी चालना देणारी उपकरणं अजून प्रयोगावस्थेत आहेत, त्यांच्या भरवशावर थांबू नका. पण चेहऱ्यावरचे बिंदू ओळखून साध्या व्हिडिओवरून मिलिमीटरमध्ये फरक मोजणारी संगणकीय साधनं कामाला लागली आहेत. कागदी पट्टी धरण्यात माझी निम्मी उमेद गेलेली असल्यामुळे मला त्यांचं अप्रूप जास्त आहे.

त्या बाईंची नस कापली गेली होती आणि तरी मेंदूने वाट शोधली. तुमची नस जागी आहे, स्नायू तुमचेच आहेत. पूर्वीसारखं तंतोतंत होईल असं मी म्हणणार नाही, चुकलेले तंतू मागे फिरत नाहीत. पण हसू वर जाईल आणि समोरच्याला ते हसूच वाटेल इथपर्यंत तुमच्यासारखे बहुतेक जण पोचताना मी पाहिलेत. त्याला सहा महिने ते वर्ष लागतं.

आजच एक काम करा. खिडकीकडे तोंड करून मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा: आधी तारीख बोला, मग शांत चेहरा, कपाळाला आठ्या, डोळे हळू मिटणं, हलका चंबू, दोनचं हसू, पाचचं हसू. शेवटी कुणाला तरी फोन पलीकडून धरायला सांगून त्यांच्याशी मिनिटभर गप्पा मारा आणि तेही रेकॉर्ड होऊ द्या. दर चार आठवड्यांनी, त्याच जागी, त्याच उजेडात. आरशात रोजचा बदल दिसत नाही, आणि तुमच्या फिजिओथेरपिस्टला गप्पांमधलं ते मिनिटच सर्वांत जास्त उपयोगी पडेल.